शिमग्याचा दोर

पनवेल,
१९ फेब्रुवारी १९९५

प्रिय दत्ता,

तुझं कार्ड मिळालं. मोजून चार ओळी. त्यात दोन तुझ्या ॲसिडिटीच्या, एक संजनाच्या पडलेल्या दाताची आणि एक ‘बाकी ठीक’. लहानपणीही मामाला पत्र लिहायचं म्हटलं की तू पोटात दुखतंय म्हणून झोपायचास आणि तुझ्या नावानं मीच लिहायचे. आता कोल्हापुरात जाऊन बसलास तरी खोड गेली नाही. असो, माझं पत्र लांबलचक आहे. जेवण झाल्यावर वाच, आणि एकट्यानं वाच. रूपाला नंतर दे हवं तर. फोन केला असता, पण वाण्याच्या दुकानात उभं राहून हे बोलता येण्यासारखं नाही, आणि तू मला बोलू दिलंही नसतंस. गेली तीन वर्षं मी त्या संध्याकाळचं नाव काढलं की तू म्हणतोस, ताई, आता जे काय ते कोर्टात.

तर कोर्ट आलंच. दोन मार्चला अलिबागला माझी साक्ष आहे. समन्स घेऊन शिपाई शाळेतच आला, चौथीच्या वर्गात, पाढे चालू असताना. पोरं टकामका बघत होती. मी सही केली आणि पुढचा पाढा घेतला. मग लक्षात आलं की सतरानंतर मी पुन्हा सोळाच म्हणत होते. एका चुणचुणीत मुलीनं ते दाखवून दिलं. हल्ली असं होतं माझं.

महिन्याच्या सुरुवातीला तुझ्या अय्यूब वकिलांकडे गेले होते. चांगला माणूस. चहा पाजला, मुलाच्या दुबईच्या नोकरीचं सांगितलं आणि मग फाइल उघडली. तुझ्या बाजूनं केस मजबूत आहे म्हणाले. मी विचारलं, नेमकं कशाच्या जोरावर? तर त्यांनी मला शाळकरी पोरीला समजवावं तसं समजावलं. कायदा असा, की रस्त्यात कुणी अडवलं आणि आता आपला जीव जातो किंवा हातपाय तरी मोडतात अशी भीती वाटली, तर समोरच्याला मारलं तरी तो खून होत नाही. भीती पटण्यासारखी हवी. ती पुढे चुकीची निघाली तरी चालतं, त्या क्षणी मनापासून वाटलेली असली की झालं. मी विचारलं, आणि हा हक्क कुठपर्यंत? तर म्हणाले, भीती आहे तोपर्यंत. समोरचा पळाला, हात वर केले, धोका टळला, की हक्क संपला. त्यानंतरची गोळी ती नुसती गोळी. हे ऐकल्यापासून मला धड झोप नाही, दत्ता.

तू म्हणशील, ताईला कायदा कधीपासून कळायला लागला. तीन वर्षं त्यातच तर राहते आहे. सगळं क्रमानं आठवून बघते, आणि तुलाही एकदा बघायला लावणार आहे. मी मुंबईहून लाँचनं मोऱ्याच्या बंदरावर उतरले, तू जीप घेऊन धक्क्यावर उभा होतास. होळीला दोन दिवस होते. कंबरेला ते रिव्हॉल्वर बघून मी म्हटलं होतं, बहिणीला आणायला आलास की युद्धावर निघालास? तू हसलास. तळोज्याच्या कारखान्यातल्या कामगारांचे पगार घेऊन जाताना तुला दोनदा धमकी आली होती, म्हणून परवाना काढला होतास. आणि पंधरा दिवसांपूर्वीच त्या उरणच्या रस्त्यावर तांदळाचा ट्रक लुटला होता, ड्रायव्हरचा हात कायमचा गेला. जीपमध्ये आपण तेच बोलत होतो. म्हणजे भीती तर आपण बंदरापासूनच बरोबर घेतली होती.

दिवस मावळला होता, पण अंधार पुरता झाला नव्हता. वळणापलीकडे रस्त्यावर दोर ताणलेला. एक टोक करंजाच्या झाडाला बांधलेलं, दुसरं पाच-सहा जणांच्या हातात. तोंडं काजळीनं काळी केलेली, एकाच्या अंगावर लुगडं, हातात काठ्या, एकाकडे कोयता. तू ब्रेक मारलास, पण जीप दोरात घुसलीच. तो होडीचा जुना दोर होता, मनगटाएवढा. बंपरखाली अडकला, इंजिन बंद पडलं, ते सगळे ओरडत आपल्याकडे धावले. तू खिडकीतून हात काढून आभाळात गोळी झाडलीस. ही पहिली. अय्यूब वकील म्हणतात, या गोळीला जगातलं कुठलंही कोर्ट हात लावणार नाही. मलाही पटतं. तू माणसावर झाडली नव्हतीस, आणि मी तर किंचाळतच होते.

पण दत्ता, त्या दोराला आंब्याचे टहाळे बांधले होते. तू पाहिले होतेस का, मला माहीत नाही. मी पाहिले. तू आणि मी, आपण काय परदेशात वाढलो? शिमगा जवळ आला की वाडीवरची माणसं सोंगं घेऊन रस्त्याला असाच टहाळ्यांचा दोर लावतात, गाडी थांबवतात, पोस्त मागतात. दोन रुपये दिले की नाचून दाखवतात आणि दोर खाली सोडतात. आबा सायकलवरून उतरून द्यायचे. तू तर हट्ट करून त्यांच्यातल्या एकाची काजळी तोंडाला लावून घेतली होतीस आणि आईनं तुला विहिरीवर नेऊन घासला होता. पण तो ट्रकवाला, तो संधिप्रकाश, ते बंद पडलेलं इंजिन! डोळ्यांना टहाळे दिसत होते आणि डोक्यात दरोडाच होता. आपल्यासारखी याच मातीतली माणसंसुद्धा एवढी चुकतात, याची मला अजून लाज वाटते.

पोलिसांना मी टहाळ्यांचं सांगितलं नाही. दोर आडवा होता, काळी तोंडं होती, कोयता होता, एवढं सांगितलं. सगळं खरं. पण त्या एवढ्याशा खऱ्यामुळे काळूराम आज तीन वर्षं जेलमध्ये आहे. काळूराम म्हणजे आपल्या गोळीनं मेलेल्या कान्हाचा धाकटा भाऊ. पळालेल्यांपैकी तेवढाच सापडला. त्याच्यावर लूटमारीच्या प्रयत्नाचा खटला. तुला दुसऱ्या दिवशी जामीन मिळाला, त्याला नाही. जामीनदाराला सातबारा दाखवावा लागतो म्हणे. वाडीवर कुणाच्या नावावर एक गुंठा तरी आहे का?

हे मला कुणी सांगितलं माहीत आहे? कमळीनं. कान्हाच्या बायकोनं. माझ्या घरासमोर नवी बिल्डिंग चालली आहे ना, तिथे गेल्या महिन्यापासून एक बाई घमेली वाहते. वाळलेली, उन्हानं काळवंडलेली. दुपारी माझ्याकडे पाणी मागायला यायची. मी तांब्या भरून द्यायचे, कधी कालची भाकरी द्यायचे. ती कोण ते मला माहीत नव्हतं. तिला मात्र मी कोण ते पहिल्या दिवसापासून माहीत होतं. मागच्या सोमवारी पाणी पिऊन झालं तरी ती उंबऱ्याशी उभीच राहिली. म्हणाली, “माजा नवरा चोर नवता, बाई. तुमी तवा गाडीत व्हत्या. तुमी सांगा.” एवढंच. रडली नाही, शिव्या दिल्या नाहीत. दिल्या असत्या तर मला बरं वाटलं असतं. मग हळूहळू बाकीचं बोलली. वीटभट्टीवाला तिला उभी करत नाही, दरोडेखोराची बायको म्हणतो. वाडीवर कुठे कोंबडी हरवली तरी यांच्याच झोपडीत झडती. काळूराम भेटीत बोलत नाही, नुसता बघतो. मी आत जाऊन देवघरासमोर बसले आणि मला देवाकडे मान वर करून बघवेना.

मग पुन्हा अय्यूब वकिलांकडे गेले. म्हटलं, समजा ते दरोडेखोर नव्हतेच, पोस्त मागत होते, हे मी सांगितलं तर माझा भाऊ आत जाईल का? त्यांनी चष्मा पुसला. म्हणाले, बाई, कायदा भीती कोणाची बघतो? ज्यानं चाप ओढला त्याची. दत्तासाहेबांना खरोखर वाटलं की कोयतेवाला अंगावर येतोय, तर पोस्त असो की दरोडा, ते सुटायला हवेत. पण मी खुदा नाही, जज्जही नाही. मग त्यांनी माझ्याकडे नीट पाहिलं आणि विचारलं, अजून काही आहे का? मी नाही म्हटलं. खोटं बोलले, रे.

तुला ती संध्याकाळ कशी आठवते ते मला पाठ आहे. तू सांगितलंस, रूपानं सांगितलं, स्टेटमेंटमध्ये वाचलं. पहिल्या गोळीनंतर सगळे शेतात पळाले, एक तेवढा परत आला, वाकून जीपजवळ लपला, मग एकदम माझ्या खिडकीशी उभा राहिला, हातात कोयता. तू मला वाचवायला गोळी झाडलीस. तुझ्या जागी देवमाणूस असता तरी त्यानं झाडली असती. या गोष्टीवर तू तीन वर्षं झोपतोस. मला माहीत आहे, तुला झोपेसाठी ती लागते. म्हणून तर इतके दिवस ती तुझ्या उशाखालून काढायला माझा हात होत नव्हता.

आता ऐक. तो वाकला तो लपायला नाही. तू स्वतःच्या बाजूला मान वळवून किल्ली फिरवत होतास, आणि पहिल्या गोळीनं तुझ्या कानात दडे बसले होते. माझी खिडकी उघडी होती. मला बंपरखालून कोयत्याचे घाव ऐकू आले, दोन की तीन. मग कान्हा उभा राहिला. काजळी घामानं ओघळलेली, माझ्याइतकाच घाबरलेला, बायकापोरं असलेला साधा माणूस. हातातला कोयता त्यानं खाली धरला होता. माझ्याकडे बघून म्हणाला, “ताई, दोर तोडला. जावा आता तुमी.” ताई म्हणाला तो मला. तू तोंड न वळवताच ओरडलास, काय म्हणतोय तो? आणि मला सगळं कळलेलं असताना, दत्ता, भीती संपलेली असताना, माझ्या तोंडून एकच शब्द गेला. कोयता. मी तो पुन्हा म्हटला. कोयता, दत्ता, कोयता. का म्हटलं, ते मी तीन वर्षं शोधते आहे. इतका वेळ घाबरून बसल्यावर ती भीती कुणावर तरी टाकायची होती बहुतेक. तू वळलास आणि माझ्या तोंडावरून हात पुढे नेलास.

तुझी भीती खरी होती. ती मी तुझ्या हातात दिली, माझी संपल्यावर. हे दोन मार्चला मी कोर्टात सांगणार आहे, टहाळ्यांसकट, त्याच्या शब्दांसकट, माझ्या शब्दासकट. काळूराम त्यानं सुटेल. तूही सुटशील, असं मी उठता-बसता म्हणते आहे. मला जे व्हायचं ते होवो. पण तू आरोपीच्या जागी उभा असताना, भरल्या कोर्टात, परक्या लोकांसमोर हे पहिल्यांदा ऐकावंस, एवढी कठोर मी होऊ शकत नाही. म्हणून हे पत्र. तू माझ्यावर ओरड, पुन्हा तोंड बघू नकोस, राखी परत पाठव. फक्त मला थांबवायला येऊ नकोस, कारण तू दारात आलास तर मी थांबेन. आणि माझ्यावर विश्वास बसत नसेल, ताईचं डोकं फिरलंय असं वाटत असेल, तर एकच आठवून बघ. मनगटाएवढ्या दोरात अडकलेली, झाडाला बांधलेली जीप, गोळीनंतर तू किल्ली फिरवलीस आणि ती साधा हिसकासुद्धा न बसता निघाली.

तुझीच,
ताई