न सापडलेले तीन निवाडे

प्रिय चिऊ,

माझा फोन तू उचलत नाहीस, ते बरोबरच आहे. तुझी आईही माझ्याशी कामापुरतंच बोलते. गुरुवारी शिस्त समितीपुढे तुझी सुनावणी आहे, आणि वकिलीची सनद मिळून तुला जेमतेम दोन वर्षं झालीत, म्हणून लिहायला बसले.

इकडे सगळं तसंच. आपल्या न्यायाधीशांकडे आता शेजारच्या कोर्टाचाही चार्ज दिलाय. काल बोर्डावर एकशे चार प्रकरणं होती. जेवणाच्या सुट्टीपर्यंत एकोणीस झाली, त्यातल्या सतरा तर नुसत्या तारखा. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये म्हणतात. मी तीस वर्षं त्या पायरीवरच बिऱ्हाड केलंय. गुडघे दुखतात, डोळे चुरचुरतात, आणि खरं सांगायचं तर आता वाचायचाच कंटाळा येतो. फाईल न वाचता उभ्या राहणाऱ्या वकिलांना एकेकाळी मी किती नावं ठेवायचे, तुला माहीत आहे.

परवा नर्सबाई येऊन गेल्या. चुकीचं औषध दिल्याचा ठपका ठेवून त्यांना कामावरून काढलं, त्याला अकरा वर्षं झाली. शेवटच्या युक्तिवादाची तारीख एकदाची मिळाली होती, तीही आपल्यामुळे गेली. त्या रागावल्या नाहीत. पुढची तारीख लिहून घेतली आणि तू कशी आहेस ते विचारलं. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

आपल्यामुळे, असं लिहिलं बघ. वकिलाची सवय. माझ्यामुळे गेली. त्या आठवड्यात पाच युक्तिवाद होते, म्हणून त्यांचा मी कॉम्प्युटरवरच्या एआयकडून लिहून घेतला. त्यानं दाखल्यासाठी तीन जुने निवाडे असे दिले, की जणू नर्सबाईंसाठीच झालेले. तू दोन दिवस ते शोधलेस आणि समासात पेन्सिलीनं लिहिलंस, ‘मावशी, हे तिन्ही कुठेच सापडत नाहीत.’ ते मी वाचलं होतं, चिऊ. वाचलं आणि खोडरबरानं पुसलं, कारण तीस वर्षांत माझा एकही निवाडा कुणी उघडून पाहिला नव्हता. या न्यायाधीशांनी पाहिला. त्यांनी विचारल्यावर मी उचलली जीभ लावली टाळ्याला, ज्युनिअरनं शोधलेत म्हणाले. तू मागेच उभी होतीस. चोर सोडून संन्याशाला फाशी म्हणतात ते हेच.

आज सकाळी समितीला सगळं खरं लिहून दिलंय. माझी सनद बहुधा जाईल. पण त्यांच्याही टेबलावर ढीग आहे. माझा कागद उघडण्याआधी तुझी कबुली हातात पडली, तर तिच्यावरच प्रकरण मिटवून मोकळे होतील. सोमवारी कारकुनाबरोबर तुला सहीसाठी जो माफीनामा पाठवला, तो मीच लिहिलाय. पोर लहान आहे, समज देऊन सोडतील, अशी मनाची समजूत घातली होती. कित्येक वर्षांत शब्द न् शब्द तपासून लिहिलेला माझा तेवढा एकच कागद. त्यावर सही करू नकोस.

तुझीच,
मावशी