अकराव्या दालनातला निळा

प्रिय रंगोबा,

वन्संसमोर मी तुला अहो-जाहो करते ते ठीक आहे, पत्रात ते जमायचं नाही. शिवाय आज मला तुझी माफी मागायची आहे आणि तुझ्याशी भांडायचंही आहे. फोनवर दोन्ही होत नाही, कारण मी जरा आवाज चढवला की तू फोन वन्संच्या हातात देऊन मोकळा होतोस. तेव्हा चष्मा लाव आणि शेवटपर्यंत वाच. अर्धवट वाचून उशीखाली सारलंस तर मला कळेल. वन्सं तुझी सख्खी बहीण असल्या तरी माझ्या पक्षात आहेत.

आधी माफीचं उरकते. मी आपला नियम मोडला. बुधवारी, बाहेर लख्ख ऊन असताना, तुला सोडून एकटी कलासंग्रहालयात गेले. आणि गेले ती थेट अकराव्या दालनात. आता ओरडायचं तेवढं ओरड, आणि झालं की पुढे वाच.

झालं असं की मंगळवारी वन्संचा फोन आला. म्हणाल्या, डॉक्टरांनी दाबायला दिलेला चेंडू तू पलंगाखाली भिरकावलास आणि भिंतीकडे तोंड करून म्हणालास की तिला सांग, माझे सगळे ब्रश कुणाला तरी देऊन टाक, या हाताचं आता काही खरं नाही. भिंत रंगवताना परांचीवरून पडल्याला तुला चार महिने झाले. पाय सांधला, काठी घेऊन चालतोस. आपल्या घराचे तीन जिने चढवत नाहीत म्हणून वन्संकडे तळमजल्यावर आहेस, हे सगळं मला मान्य. उजव्या हाताची बोटं मिटत नाहीत, हेही मी बघितलंय. पण ब्रश देऊन टाक? मला इतका संताप आला म्हणून सांगू! दुसऱ्या दिवशी खरंच पिशवीत ब्रश भरले आणि तुझ्या हाताखालच्या माणसांकडे निघाले. म्हटलं, घे, तुझ्याच मनासारखं होऊ दे.

वाटेत संग्रहालय लागलं आणि पाय अडले. ऊन असताना मी ती इमारत कधी नीट बघितलीच नव्हती. आपण तिथे जायचो ते पावसात. बाहेरच्या भिंती रंगवणाऱ्याला पाऊस म्हणजे सुट्टी, आणि तुझी सुट्टी ती माझी सुट्टी, असं तूच आमच्या शिवणाच्या दुकानात येऊन मालकिणीला बजावलं होतंस. त्या पहिल्या दिवशी आपल्याकडे एकच छत्री होती, तिचीही एक काडी मोडलेली. आडोसा म्हणून आत शिरलो. चित्रं बघायची असतात कशी, हे दोघांनाही ठाऊक नव्हतं. आठवतं ना, पहिल्याच दालनात तू एका चित्रातल्या पडक्या भिंतीला बोट लावायला गेलास, ओल कुठवर चढलीय ते बघायला? तो लांबट रखवालदार केवढ्यांदा ओरडला होता, हात मागे! तू त्याला गंभीरपणे सांगत होतास की अहो, या भिंतीला खालून पाणी लागलंय, वेळीच बघा. चित्रातल्या भिंतीला! मी हसून हसून बाकावर बसले.

आणि मग मान वर केली. समोरच्या चित्रात ती जाळीच्या कॉलरची बाई होती. तशी एक कॉलर विणायला मला तीन आठवडे लागतात, डोळे फुटायची पाळी येते. मी टाके मोजायला जवळ गेले, तर टाके नाहीतच. नुसते पांढऱ्या रंगाचे ठिपके, कुणी घाईत ब्रश झटकावा तसे. चार पावलं मागे आले, तर पुन्हा जाळी! पुढे गेले, ठिपके. मागे आले, जाळी. माझ्या अंगावर काटा आला. कुणीतरी माणसानेच केलंय हे, दोन हातांनी, असं मी तुला पुन्हा पुन्हा सांगत होते आणि तू नुसता मान हलवत होतास. बाहेर पाऊस थांबला तरी आपण एका दालनाच्या पुढे सरकलो नव्हतो. तेव्हाच तू नियम घातलास की एका पावसाला एकच दालन. पहिला हात वाळल्याशिवाय दुसरा मारायचा नाही.

एकोणीस वर्षांत दहा दालनं झाली. काही तर चार-चारदा बघितली. अकरावं मात्र तू राखून ठेवलंस, कारण त्याच्या भिंती तुझ्या होत्या. बावीस वर्षांचा असताना, तुला काम शिकवणारे उस्ताद आजारी पडले म्हणून पहिल्यांदा स्वतः कालवलेला रंग. असा निळा की चित्रं मागे पडतील, असं म्हणायचास. दर वेळी मी म्हणायचे, चल आज, आणि तू म्हणायचास, थांब, ते शेवटी. बुधवारी ती ब्रशांची पिशवी घेऊन दाराशी उभी राहिले तेव्हा मला वाटलं, हा माणूस आता कधीच घेऊन येणार नाही मला. म्हणून शिरले.

रंगोबा, भिंती निळ्या नाहीत. हे तुला तिथे चारचौघांत कळण्यापेक्षा माझ्याकडून कळलेलं बरं. कधीतरी सगळं दालन नव्याने रंगवलंय, सायीसारखं पांढरट. तुला काय सांगू, याच विचारात मी वळले, आणि समोरच्या भिंतीवर ते होतं. माझ्याहून उंच, आपल्या पलंगाच्या दुप्पट रुंद, नुसतं निळं. मला वाटलं, हेच चित्र. आजकाल असलीही चित्रं असतात, आठव्या दालनात नव्हतं का ते सगळं लाल? मी आपली शहाण्यासारखी चार पावलं मागे गेले आणि बघत राहिले. कसा निळा म्हणून सांगू! बघता बघता तो खोल जायला लागला. आत कुठेतरी उजेड आहे आणि तो आपल्याकडे यायला निघालाय असं वाटत होतं. मी ब्रशांची पिशवी खाली ठेवली. माझे डोळे का भरून आले ते मलाच कळेना.

मग सवयीने जवळ गेले. ब्रशचे फटकारे वरून खाली आलेले, आणि शेवटी जरासा डावीकडे वळवून ब्रश उचललेला. तू रंगवलेली स्वयंपाकघराची भिंत रोज माझ्या डोळ्यांसमोर असते रे, तो हात मी ओळखणार नाही? मी तिथेच बाकावर बसले. तेवढ्यात आपला लांबट रखवालदार आला. आता पार पिकलाय. म्हणाला, ताई, इथे बघण्यासारखं काही नाही, जहाजांचं मोठं चित्र होतं, ते साफ करायला खाली नेलंय. चित्र जड, म्हणून दालन पांढरं करताना रंगवणाऱ्यांनी ते न उतरवताच चौकटीच्या कडेने ब्रश फिरवला आणि काम उरकलं. कपाट न हलवता रंगवणाऱ्या ज्या कामचुकारांना तू जन्मभर शिव्या घातल्यास, त्यांनीच तुझा निळा सांभाळलाय बघ! ना ऊन, ना धूळ. परवा वाळल्यासारखा आहे. मी त्याला सांगितलं की हे माझ्या नवऱ्याचं आहे. त्याने एकदा भिंतीकडे बघितलं, एकदा माझ्याकडे, आणि टोपी काढून माझ्या शेजारी बसला.

काल पुन्हा गेले, दोऱ्यांचा डबा घेऊन. एकेक रीळ लांबून धरून बघितलं. अकरा निळे होते, एकही जुळेना. शेवटी दोन दोरे एकत्र पिळले तेव्हा जरा जवळपास आलं. तो दोरा पत्रात ठेवलाय. खरा रंग याहून कितीतरी चांगला आहे. आणि हो, खालच्या उजव्या कोपऱ्यात ब्रशचा एक केस रंगात चिकटून राहिलाय. एका केसापायी माझं फडताळ तीनदा घासायला लावणारे तुम्ही! मी पोटभर हसून घेतलं.

आता भांडणाचं, आणि या पत्राचं कारण. जहाजांचं चित्र येत्या शुक्रवारी परत लागणार आहे. मग तो निळा आणखी तीस वर्षं झाकला जाईल आणि तेव्हा आपण दोघं असू-नसू. म्हणून गुरुवारी तू येतोयस. पाऊस असो, ऊन असो, नियम मी एकदा मोडलाच आहे, आता तूही मोड. वन्संचे यजमान गाडी काढणार आहेत, आत चाकांची खुर्ची मिळते, सगळी चौकशी केलीय. ब्रश मी कुणालाही दिलेले नाहीत. धुऊन खिडकीशी टांगलेत. आणि रखवालदाराला एक गोष्ट मुद्दाम विचारून ठेवलीय. तो म्हणाला, चित्राला हात लावायचा नाही हा नियम, पण ही तर भिंत आहे. तेव्हा यावेळी कुणी ओरडणार नाही. लाव हात. उजवाच लाव.

वाट बघणारी, तुझीच,
सुईबाई