वर कोणी नाही, खाली कोणी नाही

सोमवार, ३ फेब्रुवारी

मालकांना यादी हवी आहे. वरून खाली, एकीखाली एक. सगळ्यात चांगली रफूवाली पहिली, सगळ्यात वाईट शेवटची.

"मंदी आहे, मॅडम. एकीला कमी करावं लागणार. तुम्ही गणितातल्या. तुमच्याकडून आलं की कोणी तोंड उघडणार नाही." म्हणजे सुरी त्यांची आणि हात माझा!

म्हटलं, अशी यादी निघत नाही. तर म्हणाले, "अकरा बायका आहेत, अकरा नंबर आहेत. निघत नाही म्हणजे काय?"

काय सांगू? या रफूच्या दुकानात वरच्या खोलीत बसून मी दोन गोष्टी मोजते — आठवड्यात किती कपडे झाले, आणि त्यातले किती तपासणीतून परत आले. वेग आणि सफाई. एक बाई वेगात पुढे, दुसरी सफाईत. कोणाला वर बसवायचं? किती वेग दिला म्हणजे चिमूटभर सफाई मिळते, हा भाव कुठल्या बाजारात ठरतो? मालकांच्या डोक्यात. आणि नाव मात्र माझं लागणार.

कॉलेजात तासांवर शिकवत होते तेव्हा नेमका हा धडा दर वर्षी शिकवायचे. पोरं विचारायची, मॅडम, याचा उपयोग काय? आता कोणी विचारलं तर सांगेन.

बुधवार, ५ फेब्रुवारी

यादी देणारच नाही. चित्र देणार.

नियम साधा. एक बाई दुसरीच्या वर केव्हा? वेगातही पुढे आणि सफाईतही पुढे, तेव्हाच. मग दोन ठिपक्यांमध्ये रेघ. नाहीतर रेघ नाही. रेघ नाही म्हणजे दोघी सारख्या असं नव्हे — त्यांची तुलनाच होत नाही. आमचे सर म्हणायचे, "हिच्या वर कोणी नाही, आणि ही सगळ्यांच्या वर आहे — ही दोन वाक्यं ज्याला वेगळी ऐकू आली, त्याला धडा कळला." आमच्या वर्गात ती फार थोड्यांना ऐकू आली. मला आली होती. तेवढ्या एका गोष्टीवर माझी अक्कड आजवर टिकून आहे.

दुपारी गोगलगाय डबा घेऊन वर आली, रोजच्यासारखी. हे नाव खालच्या बायकांनी ठेवलेलं. तिला ठाऊक आहे, ती हसते. अकराजणींत सगळ्यात हळू तीच. पण हात! कसरीने शालीला पाडलेलं भोक ती असं भरते की नंतर तिचं तिलाच सापडत नाही. तिच्या हातचा एक कपडा परत आलेला मला आठवत नाही.

यादीचं तिला बोलले नाही. बाकी सगळं बोलले — जिन्यातला दिवा, दादाचा न आलेला फोन, आईच्या कपाटाला अजून हात लावता येत नाही ते. ती ऐकते. अशी ऐकणारी माणसं उरली नाहीत. बाकीच्या बायका खाली आपापल्या जागीच चार घास कोंबतात आणि सुई उचलतात. जेवायची ही काय रीत!

शुक्रवार, ७ फेब्रुवारी

चित्र झालं. देखणं आलंय.

मालकांच्या मेव्हण्याची मुलगी सफाईत शेवटची, वेगात शेवटून दुसरी. ती कामावर येते ती केस विंचरायला. तिच्या वर नऊजणी, खाली कोणी नाही.

गोगलगायचा ठिपका मात्र सुटा. सफाईत सगळ्यात पुढे, वेगात सगळ्यात मागे. त्यामुळे तिच्याकडून रेघ कोणाकडेच जात नाही. ना वर, ना खाली. कागदाच्या उजव्या कोपऱ्यात खाली जागा होती, तिथे ठेवला. सुटा ठिपका कुठेही ठेवला तरी चालतो.

मालकांना नियम सांगणार आहे: जिच्या खाली कोणी नाही, तिला काढा. मग कोणी म्हणू शकत नाही की माझ्याहून वाईट बाई ठेवली आणि मला काढलं. म्हणजे कोण जाणार? मेव्हण्याची लाडकी! मालकांच्या हातूनच काटा निघेल आणि मी नामानिराळी. आज स्वतःवरच खूश आहे.

रविवार, ९ फेब्रुवारी

दादाचा फोन आला. वहिनीचे गुडघे, नातवाचा पहिला दात, चल ठेवतो. मी तोंड उघडेपर्यंत 'ठेवतो' आलंसुद्धा.

कागद समोरच होता. घरचं चित्र काढून बघितलं. कोणाच्या पोटी कोण, आणि फक्त हयात माणसं. दादा, त्याच्या खाली दोन मुलं, त्यांच्या खाली तीन नातवंडं. चुलतभाऊ आणि त्याची मुलगी. मग मी. आई गेली, त्यामुळे वर कोणी नाही. खाली तर कधी नव्हतंच. भावाबहिणीत रेघ येत नाही — नियम माझाच, तक्रार कोणाकडे करणार?

रेडिओ मोठ्याने लावला. शेजाऱ्यांनी भिंत ठोकली. तेवढंच दिवसभरात कोणी दार-भिंत काहीतरी ठोकलं. फार एकटं वाटतं अशा दिवशी, दुसरं काही नाही.

सोमवार, १० फेब्रुवारी

रविवारचं सगळं आज गोगलगायपाशी ओतलं. मालक दुपारी घरी जातात, त्यामुळे वर कोणी येत नाही. चहाही वरच मागवला. बोलता बोलता ऊन खिडकीतून गेलं. हलकं वाटलं. ती उतरताना म्हणाली, "ताई, मनाला लावून घेऊ नका. उद्या येते."

बुधवार, १२ फेब्रुवारी

मालकांना चित्र दाखवलं. नियम त्यांनी दोनदा म्हणवून घेतला. "जिच्या खाली कोणी नाही, ती. पसंत आहे. यावर सही करा." केली.

गोगलगायच्या कानावर कुणकुण आलीच होती. म्हटलं, "तू घाबरू नकोस. तुझ्या वर कोणी नाही."

"माझ्या वर? काहीतरीच. खाली जिला तुफान म्हणतात, ती माझ्या दुप्पट कपडे उरकते."

"वेगात गं. दोन्हीत मिळून तुझ्यापुढे कोण आहे? कोणी नाही."

"मला नाही कळत त्यातलं," ती म्हणाली. "तुम्ही सांगता म्हणजे ठीकच असणार."

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

गोगलगायला काढलं.

शनिवार, १५ फेब्रुवारी

काल पुढे लिहवलं नाही.

मालकांसमोर जाऊन उभी राहिले. आवाज चिरकला माझा, लाज वाटली. ते शांत. माझा कागद टेबलावर, माझी सही खाली.

"जिच्या खाली कोणी नाही, ती. तुमचेच शब्द."

"पण तिच्या वरही कोणी नाही!"

"नसेल. मी वरचं विचारलं नव्हतं. खाली कोणी नाही अशा दोघी आहेत — एक मेव्हण्याची, एक ही. दोघींतली एक मी निवडली. ही तर बघा, कुठे पडलीये. पार तळाला, कोपऱ्यात."

म्हटलं, तिथे जागा होती म्हणून ठेवला तो ठिपका. वर ठेवला असता तरी अर्थ तोच.

"मग वर का नाही ठेवलात?"



लबाडी त्यांची, पण वाट मी करून दिली. ठिपका वर असता तरी त्यांनी हेच केलं असतं, कारण नियमात ती बसतेच. जिच्या खाली कोणी नाही, आणि जी सगळ्यांच्या खाली आहे — ही दोन वाक्यं मला वेगळी ऐकू आली नाहीत. मला! सरांचं वाक्य वर चढताना पाठ होतं, खाली उतरताना विसरले. सुट्या ठिपक्याच्या वर कोणी नसतं आणि खालीही कोणी नसतं, म्हणून तो दोन्हीकडे मोजला जातो, हे फळ्यावर किती वर्षं लिहिलं. त्या मुलीला अडकवायच्या नादात तिच्याशिवाय कोणी दिसलंच नाही. अतिशहाणा त्याचा बैल रिकामा म्हणतात, इथे बैल दुसऱ्याचा गेला.

सोमवार, १७ फेब्रुवारी

महिनाअखेरपर्यंत ती येणार आहे. आज डबा घेऊन वर आली! वाटलं होतं येणार नाही.

सगळं सांगितलं. चित्र, नियम, सही. तिने घास खाली ठेवला.

"चित्रात मी कुठे होते म्हणता?"

"कोपऱ्यात. सुटी. एकटी."

"एकटी? मी?" तिला हसूच आवरेना. "घरात आठ माणसं आहेत, ताई. आंघोळीला नंबर लागतो. एकटी राहायला मिळावं म्हणून मी कधीकधी दूध आणायला लांबच्या दुकानात जाते."

म्हटलं, ते कामाचं चित्र होतं, घरचं नाही. तर म्हणाली, "मग ठीक." मग डोळे पुसले, आणि म्हणाली धाकट्याची फी भरायचीये, तेवढीच काळजी आहे. मला एक वाईट शब्द बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

गुरुवार, २० फेब्रुवारी

मालकांना पुन्हा लिहून दिलं की नियम अपुरा होता, चूक माझी, मला दुरुस्त करू द्या. कागद न वाचता परत आला. "गणित एकदाच होतं, मॅडम. रोज उत्तर बदलणारं ते कसलं गणित?" मेव्हण्याची मुलगी जिन्यात भेटली. गुणगुणत होती. तिचा तरी काय दोष?

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

आज तिचा शेवटचा दिवस.

तपासणाऱ्या बाईंनी तिचा शेवटचा कोट खिडकीशी धरला. उलटा, सुलटा, पुन्हा उलटा. "कुठे फाटला होता तेच विसरले," म्हणाल्या. मग माझ्याकडे वळून, "आधी भरभरही व्हायचं हो हिचं. तुम्ही यायच्या आधीची गोष्ट. वय कोणाला चुकलंय?"

तिने सगळ्यांचे निरोप घेतले. माझ्याकडे शेवटी आली. "एक दुकान बघून ठेवलंय, पलीकडच्या रस्त्याला. घेतात का बघू." मला रडू आलं आणि तीच मला पाणी देत बसली. उलटी गंगा नुसती.

सोमवार, ३ मार्च

डबा उघडला, झाकला.

गुरुवार, ६ मार्च

वाटलं खाली जाऊन बायकांत बसावं. मी जिना उतरून झाकण काढेपर्यंत सगळ्यांच्या हातात सुया! तुफान म्हणाली, "बसा ना मॅडम," पण मान वर केली नाही. दोरा ओवायला मान खालीच लागते. मी उभ्यानेच दोन घास खाल्ले आणि कुणाला अडचण नको म्हणून वर आले.

रविवार, ९ मार्च

दादाचा फोन नाही. मी केला. घंटी वाजत राहिली.

मंगळवार, १८ मार्च

कळलं — तिला त्या दुकानात घेतलं! कपडे पोचवणाऱ्याने सांगितलं. किती दिवसांनी नीट जेवले. फी भरली जाईल. माझं पाप अर्धं तरी धुतलं गेलं.

पण दुपार काही सरत नाही.

रविवार, ३० मार्च

गोगलगाय घरी आली होती. नव्या दुकानात तिला आगगाडी म्हणतात! वेगात पहिली, सफाईतही पहिली. म्हणजे तिथे ती नुसती 'जिच्या वर कोणी नाही' अशी नव्हे, चक्क सगळ्यांच्या वर. मला विश्वास बसेना. म्हटलं, हे झालं कसं? हात तोच ना?

"हात तोच. तिथं जेवण झटक्यात उरकतं हो. आपल्याकडे कसं, तुमच्यापाशी वर आले की दुपार कलायची." बोलून गेली. मग जीभ चावली आणि कप विसळायला उठली.

दोन वर्षं तिचे कपडे मीच मोजत होते.

तिला निघायची घाई नव्हती. परत येऊन बसली, म्हणाली, सांगा, आणखी काय चाललंय. मीच म्हटलं, ऊठ आता, घरी वाट बघत असतील.