बिजागरी माझीच

४ जानेवारी २०२५
नवीन वर्ष, नवीन वही. वहीला कुलूप आहे. बायको वाचेल असं नाही, पण ग्लोबल माणसाकडे प्रायव्हसी पाहिजे.
निर्णय: १) रोज चालणे. २) कमी बोलणे. मोठी माणसं कमी बोलतात. ३) रिब्रँडिंग.
'राजेश्वरी इंजिनिअरिंग' हे काय नाव आहे? पिठाची गिरणी वाटते. आमची मशिनं टी-शर्टवर चार-चार रंग छापतात, तळेगावजवळच्या आंबीच्या शेडमधून थेट तिरुपूरला जातात. पुण्याच्या डिझायनरने नाव दिलं: बॅझो ग्लोबल. मी बाजीराव, म्हणून बॅझो! अंगावर काटा आला.
जुनी फर्म हिच्या नावावर आहे, पण ते नुसतं कागदोपत्री. महिला उद्योजकाची सबसिडी होती म्हणून. राजेश्वरीला धंद्यातलं काय कळतं? ती फक्त जीएसटी, डिस्पॅच, बँक आणि गिऱ्हाइकांचे फोन बघते.

९ जानेवारी
आज डोकं चालवलं. प्रदीप वकील म्हणाला, आधी डिझाइन सुरक्षित करा. डिझाइन म्हणजे आमची बिजागरी. छापलं की फ्रेम आपोआप वर जाते आणि परत त्याच जागी बसते, केसभर हलत नाही. सगळा धंदा तिच्यावर. कोंडू फिटरने ती २००९ साली भंगारातल्या स्कूटरच्या स्प्रिंगपासून केली. पण स्कूटर माझी होती. म्हणजे कल्पना माझीच.
कागद केला: बिजागरीचे सर्व हक्क राजेश्वरी इंजिनिअरिंगच्या मालकाचे. कोंडूने विचारलं, शेट, ह्यात काय लिवलंय? म्हटलं, बोनसचं आहे. लय उपकार झालं म्हणाला आणि जीभ बाहेर काढून सही केली. मला हसू आवरेना.
फर्मतर्फे हिची सही. ही वाचत बसली. म्हटलं, वाचतेस काय, बोट ठेवलंय तिथे कर.

१० जानेवारी
कोंडूला काढला. सोळा वर्षं झाली होती. ग्लोबल कंपनीत शर्टाला सगळी बटणं लागतात. तो दारात उभाच राहिला. म्हणाला, शेट, त्यो बोनस कदी? कमी बोलायचं ठरवलंय, म्हणून उत्तर दिलं नाही. निर्णय क्रमांक दोन पाळला गेला.
चालणं उद्यापासून.

२ फेब्रुवारी
शेडच्या फरशीवर एपॉक्सीचा चकचकीत थर दिला. कोंडूच्या छिन्नीच्या खुणा, रेघा, वर्तुळं, सगळी सोळा वर्षांची घाण मशीन लावून घासून काढली. आता तोंड बघून घ्या.
नवीन इंजिनिअर आदिनाथ. इस्त्रीचा शर्ट. त्याने विचारलं, सर, बिजागरीचं ड्रॉइंग कुठंय? म्हटलं, इथेच तर आहे. मग दोघांनी फरशीकडे बघितलं.
आदिनाथला आठ दिवसांची डेडलाइन दिली.

१८ फेब्रुवारी
एकही मशीन तयार नाही. आदिनाथची चूक. गिऱ्हाइकंही फिरकत नाहीत, त्यांचीही चूक.
कारण कळलं. कोंडू आंदर मावळात, घराच्या पडवीत मशिनं बनवतोय. बिजागरी तीच! चोर! मशीनला नाव नाही, लोगो नाही, आणि लोक एसटीने जाऊन पुढे तासभर चालत त्याच्याकडे जातात. लोकांना ब्रँड म्हणून काही कळत नाही.
दावा ठोकतोय. नोटिशीत 'चोर व लबाड' हे शब्द मी सांगून घालायला लावले. प्रदीप नको म्हणत होता. दावा फर्मच्या नावाने, म्हणून परत हिची सही. या वेळी हिने सगळी पानं वाचली. दोनदा. बाईला चष्मा लागला बहुतेक.

११ मार्च
कोर्टाचा माणूस घेऊन कोंडूच्या घरी. दोन मशिनं आणि सगळी हत्यारं जप्त. ओळंबासुद्धा सोडला नाही. माल सांभाळायला माझ्याच शेडमध्ये.
कोंडू म्हणाला, शेट, लय ऊन हाय, पाणी घ्या. मी घेतलं नाही. तत्त्व. त्याची मुलगी रूपा मशीनला धरून उभी होती, सोडेना. म्हणाली, माज्या बानं केलंय, मग बानंच चोरलं कसं? वकील हसला. मीही हसलो. परत येताना गाडीत पाण्याची अख्खी बाटली संपवली. ऊन खरंच लय होतं.
घरी हिला गंमत म्हणून सगळं सांगितलं. ही ताटावरून उठली. बायकांना बिझनेस झेपत नाही.

५ एप्रिल
लोणावळ्याला रिसॉर्टमध्ये ग्रँड लाँच. जप्तीतल्याच एका मशीनला निळा रंग मारला, बॅझोचं स्टिकर लावलं. नक्कल करायला आदिनाथने त्याची बिजागरी खोलली होती. परत जोडल्यावर दोन वॉशर उरले. म्हणाला, सर, जास्तीचे असतील.
पहिल्याच टी-शर्टवर बॅझो चार ठिकाणी उमटलं. मी सांगितलं, हा आमचा नवीन लोगो. मागून कोणीतरी विचारलं, कोंडू नाही आला का?
चिक्की मात्र सगळ्यांना आवडली.

२१ एप्रिल
दावा मागे घेतला! मी नाही घेतला! प्रदीपला फोन केला. म्हणाला, साहेब, दावा राजेश्वरीताईंचा, त्यांनी घेतला. माझ्या अशील त्याच आहेत.
हिला जाब विचारला. भाकरी थापता थापता म्हणाली, मालकाचे सर्व हक्क असं तुम्हीच लिहून घेतलंत ना? मालक मी आहे. कोंडूभाऊंना परत बोलावलंय, आणि या वेळी भागीदार म्हणून.
ठीक आहे. घरचंच भांडण आहे. नवरा-बायकोत मालक कोण, असा प्रश्न नसतो.

२ मे
प्रश्न असतो. सकाळी चहाबरोबर हिने नोटीस ठेवली. बॅझो ग्लोबल, प्रोप्रायटर बाजीराव, यांनी आमच्या अशिलाच्या बिजागरीची नक्कल केली, सबब सात दिवसांत शेड सोडावी. 'चोर व लबाड' तसंच ठेवलंय. भाषा जोरदार आहे, हे मानलं पाहिजे.
चहात साखर नव्हती.

९ मे
शेडवर गेलो. गाडी फर्मची, म्हणजे हिची. तळेगावपासून चालत. चालण्याचा निर्णय अखेर अमलात.
कोंडू गुडघ्यावर बसून माझी एपॉक्सी छिन्नीने खरवडत होता. वर बघितलं. म्हणाला, शेट, लय ऊन हाय, पाणी घ्या. घेतलं. दोन तांबे. रूपा टेबलाशी बसून चलन लिहीत होती. तिने मान वर केली नाही.
हिने एक कागद पुढे केला आणि बोट ठेवलं. चष्मा गाडीत राहिला होता, आणि गाडीची किल्ली हिच्याकडे. विचारलं, ह्यात काय लिहिलंय?
ही म्हणाली, बोनसचं आहे.
सही केली.