डेअरीपुरता कर्नल

प्रिय एडविनदादा,

रागावला असशील. आठवडाभर तुझा एकही फोन उचलला नाही. उचलला असता तर तू दोन मिनिटांत माझं मन वळवलं असतंस, आणि मला ते वळू द्यायचं नव्हतं. आता ऐक. जिंकले रे मी! डेअरीचा तो खटारा कॉम्प्युटर तुझ्या बहिणीनं पळवून दाखवला!

आपल्याकडे नेमकी दूध घालायच्या वेळीच लाईट जाते. ती परत आली तरी हा बाबा चालू व्हायला इतका वेळ लावायचा, की रांगेतली माणसं किटल्या उचलून शेजारच्या गावाला जायला लागली. चेअरमन श्रीमंतआबांनी तर सुनावलंच, लई झालं पोरी, रविवारपर्यंत सुधारलं तर बरं, न्हाईतर केंद्राला कुलूप.

मग मी डेअरीचा कॉम्प्युटर ज्यावर चालतो त्या लिनक्सचा कर्नलच नव्यानं बांधायला घेतला. कर्नल म्हणजे कॉम्प्युटरचा गाभा. त्यात जगातल्या झाडून सगळ्या यंत्रांचे ड्रायव्हर, म्हणजे यंत्र ओळखून चालवणारे छोटे प्रोग्राम, भरलेले असतात. आपल्या डेअरीला कॅमेरा कशाला, ब्लूटूथ कशाला? हाकलले सगळे. त्यासाठी एक सोपी आज्ञा असते, या घडीला जे जोडलेलं आणि चालू आहे तेवढ्याचेच ड्रायव्हर ठेवायचे. सकाळचं दूध आटोपल्यावर ती दिली. त्या मरतुकड्यानं कर्नल बांधायला अख्खा दिवस खाल्ला, पण नंतर काय सांगू, चहाचा घोट गिळेपर्यंत चालू! मी नाचलेच.

आणि लगेच फजिती. संध्याकाळचं दूध ओतलं, काटा वजन दाखवतोय, पण दुधातली फॅट मोजणारं मशीन कॉम्प्युटरला दिसेचना. आबा समोरच उभे. मला रडूच फुटलं. जुना कर्नल ठेवला होता म्हणून त्यावर कशीबशी वेळ निभावली. दुसऱ्या दिवशी सकाळी चांगुणामावशी मशीन धुवायला आल्या, नेहमीसारखी वायर काढली, खुंटीला अडकवली, आणि माझ्या डोक्यात प्रकाश पडला. मी आज्ञा दिली तेव्हा मशीन जोडलेलंच नव्हतं! त्याचा ड्रायव्हर मीच माझ्या हातानं हाकलला होता. काय हा वेंधळेपणा! वायर जोडली आणि पुन्हा पहिल्यापासून बांधायला बसले.

रविवारी भर गर्दीत लाईट गेली. लाईट आली, आणि पुढची किटली काट्यावर चढायच्या आत पडद्यावर फॅट हजर! रांगेत शिट्ट्या वाजल्या. आबांनी स्वतःची खुर्ची पुढे सरकवली आणि म्हणाले, बसा मॅडम. अरे, आबा कुणाला मॅडम म्हणतात का कधी?

दादा, पुण्यात तू किती खटपट करून माझ्यासाठी ती नोकरी बघितलीस, मला ठाऊक आहे. केंद्राला कुलूप लागलं तर मुकाट्यानं निघून येईन, असा शब्द मी तुला दिला होता. कुलूप लागलं नाही. आजूबाजूच्या गावांतल्या डेअऱ्यांचेही निरोप आलेत, आमचंही करून द्या म्हणून. तेव्हा त्या जागेवर दुसऱ्या कुणाला तरी घ्यायला सांग. मी येत नाही, दादा, आणि हे तुला फोनवर नाही, माझ्या हातानं लिहून कळवायचं होतं.

तुझीच, डेअरीवाली,
ग्लोरिया