धाकट्याच्या वाटणीचं दूध

प्रिय आई,

धाकट्याला दुसरा मुलगा झाला, त्याचं पत्र मिळालं. चौथीत शाळा सोडलेल्याचं माझं हे अक्षर, जरा लावून वाच. तुला खोटं का सांगू, बातमी वाचून मी जळलो. थोरला मी, पण सायकल त्याला आधी, लग्न त्याचं आधी, आता पोरंही दोन. माझी एकटी चिमी, चार महिन्यांची, तीही फोटोतच पाहिलेली. पुढच्या महिन्यात सुट्टी आहे. ठरवलं होतं, या खेपेला त्याची बरोबरी करायचीच.

ही जळजळ जुनीच आहे गं. मी चार वर्षांचा असेन. तू दाराला टेकून बसलेली असायचीस आणि हा तीन वर्षांचा घोडा खेळता खेळता यायचा, तुझ्या मांडीवर चढायचा, पोटभर पिऊन पुन्हा पळायचा. मी जवळ आलो की तू म्हणायचीस, तू मोठा ना रे! मावशी तर चारचौघांत चिडवायची, की हा पोटात आला म्हणून मला पाचव्या महिन्यातच कडू लावून अंगावरून तोडलं. म्हणजे माझं तेही यानेच घेतलं. हेच मनात धरून, दुसऱ्याला झुकतं माप दिलेलं दिसलं की भांडून, मी सहा मुकादम बदलले, कुठे म्हणून टिकलो नाही.

सध्या बाळंतिणींच्या दवाखान्यात रंगकाम चाललंय. परवा शिडीवरून छताला दुसरा हात देत होतो. खाली नर्सबाई बायकांना समजावत होत्या. मी लाजून उतरायला लागलो तर म्हणाल्या, राहा वरच पेंटर, तुमच्याही कानांवर पडू दे. सगळ्या हसल्या. मग बाई सांगू लागल्या, बाळ निव्वळ अंगावर पीत असेल, रात्रीसुद्धा, आणि पाळी आली नसेल, तर पहिले सहा महिने दिवस राहायची भीती कमी. पुढे भरवसा नाही, पाळी यायच्या आधीही राहतात. आणि बाळंतपणात झिजलेलं अंग भरून यायला दोन वर्षं तरी द्या, म्हणाल्या. तिथली एक म्हातारी म्हणाली, आम्हाला कुणी सांगितलं हे? दोन लागोपाठ झाली, उभी राहिले की डोळ्यांपुढे अंधार यायचा. माझ्या धाकट्याला चार वर्षं पाजलं ते काय लाडाने? तिसरं राहू नये म्हणून!

माझा ब्रश हातातच राहिला. आई, तू दाराला टेकून बसायचीस, ते तुला उभं राहवत नव्हतं म्हणून का गं?

आता मुद्द्याचं सांगतो. धाकट्याचं पत्र आलं त्याच दिवशी रागारागात तुझ्या सुनेला चिठ्ठी टाकली, की मी येईपर्यंत चिमीला अंगावरून तोड, बाटलीवर घाल, म्हणजे लवकर दिवस राहतील. आईला सांगू नकोस, असंही लिहिलं. ती ऐकेल, तीच भीती आहे. हे पत्र आज गावी निघालेल्या सुताराकडे देतोय, टपालाच्या आधी पोहोचलं तर बरं. उशीर झालाच असेल, तर चिमीला परत तिच्या अंगावर लाव. दूध कमी झालं तरी बाळ ओढत राहिलं की पुन्हा येतं, हे मी काल नर्सबाईंना मान खाली घालून विचारून घेतलंय. सुनेला सांग, दुसऱ्या बाळाचं नाव ती काढेपर्यंत मी काढणार नाही. धाकट्याचा हेवा मात्र एका दिवसात जायचा नाही, तेवढं सांभाळून घे.

तुझाच,
थोरला