सहावा बोल्ट

शनिवार, मार्गशीर्ष वद्य एकादशी
आमली, सिल्वासा

देवापाशी दिवा लावून झाला, तरी हातातून त्या बोल्टची ऊब जात नाही.

धाकटे भाऊजी वारल्यापासून त्यांची गाडी आमच्या दारात झाकून होती. सोमवारपासून आमची वैशू ती घेऊन मसाटला कारखान्यात नोकरीला जाणार, म्हणून गॅरेजला न देता हे स्वतःच चाकाचा ॲक्सल दुरुस्तीसाठी खोलायला बसले. जॉईंटचे सहाही बोल्ट गंजून चिकटलेले. तेल सोडलं, पान्याला पाइप लावला, हातोडीनं ठोकलं. पाच कसेबसे सुटले. सहावा हलेना.

"त्यानंच आवळलाय," हे म्हणाले. "जिवंतपणी कुणाचं ऐकलं नाही, आता काय ऐकतोय!"

मला हसू आलं. हे चहाला आत गेले. मी बॅटरीचा उजेड धरून वाकले आणि उगाच म्हटलं, "भाऊजी, पोरीसाठी हवीय हो." नुसती बोटं लावली, तर बोल्ट फिरत फिरत तळहातात आला. कोमट. बाकीचं लोखंड थंडीनं गारठलेलं, आणि हा कुणी मुठीत धरून ठेवल्यासारखा.

हे म्हणतात, "ठोकून तापला असेल." मग बाकीचे पाच गार कसे?

भाऊजींनी वाट करून दिली म्हणावं, की... बोटानं सुटणारा बोल्ट उद्या रस्त्यात सुटला तर? देवा, कसं ओळखायचं?

वैशूला काही बोलले नाही. पण गाडी जोडून झाली की पहिल्या फेरीला तिला बसू देणार नाही. यांच्या शेजारी मी बसेन. जे काय असेल, ते आधी माझ्यावर येऊ दे.